ओल्या धावपट्टीवर विमान थांबाले जागा किती लागते? नागपूर, बेलोरा अन् पावसाळा

संत्रापट्टी
राम राम मंडळी. मी वरूड तालुक्यातला, संत्र्याचा माणूस, विमानातलं मले काही समजत नाही म्हणून इथं विचारून राहिलो. मागच्या महिन्यात बाबाच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईले झालं, वापसीत डॉक्टर म्हणे धक्क्याचा प्रवास नको, म्हणून मुंबई-नागपूर विमानानं आणलं. बाबाची पहिलीच वेळ. नागपूरवर आलो तं खाली बदाबदा पाऊस. विमान खाली खाली आलं, रोडवरचे लाईट दिसून राहिले, आता टेकते टेकते म्हणता एकदम मोठ्ठा आवाज अन् नाक वर करून पुन्हा आभाळात. बाबानं माझा हात असा धरला का नखं रुतले. वीस मिनिटं घिरट्या घातल्या अन् दुसऱ्या खेपेले असं धपकन टेकवलं का समोरच्या बाईच्या हातातली बाटली उडाली. मी रागारागात घरी आल्याबरोबर कंपनीले तक्रार टाकली का तुमच्या पायलटले उतरवता येत नाही, म्हाताऱ्या माणसाचा जीव घेता का.

आता माझा साळा म्हणते का भाटवे, तुमी चुकीची तक्रार केली. म्हणून विचारतो. ओल्या पट्टीवर विमान थांबाले किती जागा जास्त लागते, अन् जागा पुरते का नाही हे कोण ठरवते? बाबाले पुन्हा तपासणीले न्यायचं हाय अन् आता अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान हाय, आमाले जवळ पडते. पण बेलोऱ्याची पट्टी नागपूरपेक्षा लहान हाय म्हणतात. भर पावसाळ्यात न्यावं का नाही?

बेलोरा_फॅन
भाऊ, नागपूरची धावपट्टी ३२०० मीटर आहे आणि बेलोऱ्याची १८५०. आधी तर १३७२ होती, वाढवली. १६ एप्रिल २०२५ ला पहिलं मुंबईचं विमान आलं तेव्हा मी तिथंच होतो, अख्खं गाव लोटलं होतं. इथं येतं ते एटीआर ७२, पंख्याचं विमान, त्याला कमी जागा लागते. नागपूरसारखं मोठं जेट इथं उतरत नाही. बिनधास्त न्या बाबांना.

कापूसकोंड्या
३२०० मीटर म्हणजे सव्वातीन किलोमीटर! एवढ्या जागेत ट्रकची अख्खी रांग थांबते. तरी पायलटला परत वर जावं लागलं म्हणजे हात कच्चाच असणार. तक्रार बरोबर केली राजेहो, मागं घेऊ नका.

सहवैमानिक
मी मूळ पुसदचा, एका कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि तुमच्या त्या विमानाबद्दल मला काही माहिती नाही, म्हणून तिथं नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण दोन गोष्टी सांगतो आणि त्या मी अगदी मनापासून सांगतोय.

पहिली, परत वर जाणं. त्याला आम्ही गो-अराउंड म्हणतो. पावसाच्या सरीत ठरलेल्या उंचीपर्यंत पट्टी दिसली नाही, वारा पाठीमागून फिरला, वेग ठरल्यापेक्षा जास्त राहिला, पुढचं विमान पट्टीवरून बाहेर पडलं नाही, यातलं काहीही झालं तरी वर जायचं. जायचं का जाऊ नये यावर तिथं चर्चा नसते. दोघांपैकी एक जण जरी 'गो-अराउंड' म्हणाला तरी जायचंच. आणि त्यासाठी पायलटला शिक्षा नसते, कारण शिक्षेची भीती बसली की माणूस रेटून उतरवायला बघतो.

दुसरी, धपकन टेकवणं. पाण्यावर हळुवार उतरवणं हे चांगलं उतरवणं नाही. हळूच टेकवायला गेलं की विमान पट्टीवर तरंगत पुढं जातं. बोइंग सातशे सदतीस जेट टेकताना साधारण १४० नॉट म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतं, एका सेकंदात ७० मीटर. तुम्हाला मऊ वाटावं म्हणून चार सेकंद तरंगवलं तर २८० मीटर पट्टी गेली, आणि ती गेलेली पट्टी कोणी परत देत नाही. वरून चाक हळूच टेकलं तर पाण्याचा थर फुटत नाही, चाक लगेच फिरत नाही, ब्रेक धरत नाही. म्हणून पावसात ठरलेल्या जागी, ठामपणे टेकवायचं असंच शिकवतात. बाटली उडाली त्याबद्दल वाईट वाटतं, पण चाक नक्की धरलं असणार.

लालपरी_चालक
सहवैमानिक साहेब बरोबर सांगून रायले. मी ३१ वर्षं यष्टी चालवली, दर्यापूर डेपो, त्यातले सात वर्षं परतवाडा-धारणी. सेमाडोहच्या घाटात पावसात गाडी उतरवताना एकच शिकलो, ब्रेक ही शेवटची गोष्ट हाय, पहिली गोष्ट म्हणजे वळणावर याच्या आधीच वेग कमी पायजे. वळणावर आल्यावर ब्रेक दाबला का गाडी आपली नाही, घाटाची. अन् मृगाचा पहिला पाऊस सगळ्यात बेकार. वर्षभराचं तेल, डांबराचा चिकटा रोडवर वर येते अन् नुसतं शिंपडल्यावानी पाणी पडलं का साबण होते. जोराचा पाऊस पडून रोड धुतल्या गेला का मंग बरं.
कापूसकोंड्या भाऊ, ट्रकची रांग थांबलेली असते, २६० च्या वेगानं येत नाही.

कापूसकोंड्या
😀 हाव काका, हे मान्य.

अचलपूरचे_मास्तर
अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हा धागा उद्या वर्गात घेणार आहे, म्हणून थोडं गणित.

थांबायला लागणारी जागा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के जास्त तर ऊर्जा २१ टक्के जास्त, आणि ती सगळी ऊर्जा ब्रेक, इंजिनाचा उलटा जोर आणि हवा यांनी मिळून खायची असते. पाठीमागून १० नॉट वारा असेल तर हवेत १४० नॉट असलेलं विमान जमिनीवर १५० नॉटने टेकतं, म्हणजे ऊर्जा साधारण १५ टक्क्यांनी वाढली, पायलटने काहीही चूक न करता. उंचीचंही तसंच. पट्टीच्या तोंडाशी ५० फूट उंचीवर असायला हवं, तीन अंशाच्या उतारावर तिथं १० फूट जास्त असलात तर टेकण्याची जागा जवळपास ६० मीटर पुढं सरकते.

आता पाणी. चाकाखाली पाणी अडकलं आणि त्याला बाजूला पळायला वेळ मिळाला नाही तर चाक पाण्यावरच स्वार होतं, त्याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. याचं एक ढोबळ सूत्र आहे, अमेरिकेच्या नासाच्या प्रयोगांतून आलेलं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९ म्हणजे नॉटमधला वेग. सातशे सदतीसच्या टायरमध्ये साधारण २०० पीएसआय हवा असते, वर्गमूळ १४.१४, गुणिले नऊ म्हणजे १२७ नॉट. उतरण्याचा वेग त्याहून जास्त आहे. म्हणजे पट्टीवर पुरेसं पाणी साचलेलं असेल तर सुरुवातीचे काही सेकंद चाक जमिनीला लागलेलंच नसतं. आपल्या कारच्या टायरला ३२ पीएसआय धरा, वर्गमूळ ५.६६, म्हणजे ५१ नॉट, ताशी ९४ किलोमीटर. समृद्धीवर भर पावसात १२० ने जाणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लिहून खिशात ठेवावा, हात जोडून सांगतो.

विदर्भकन्या_पुणे
मास्तर, समृद्धीचं वाचून माझ्या नवऱ्याला फॉरवर्ड केलं. तो दर महिन्याला सिंदखेडराजाला जातो.

माझा प्रश्न, हे सगळं माहीत असताना नियमात किती जास्तीची जागा ठेवतात? काही टक्के ठरलेलं असतं का, की पायलटच्या अंदाजावर?

सहवैमानिक
अंदाजावर अजिबात नाही. दोन वेळा हिशोब होतो आणि दोन्ही वेगळे आहेत.

एक निघण्याआधीचा. विमान नवीन तयार होतं तेव्हा चाचणी पायलट कोरड्या पट्टीवर ५० फुटांवरून येऊन, पूर्ण जोराने ब्रेक मारून ते किती जागेत थांबतं ते मोजतात, आणि त्यात इंजिनाचा उलटा जोर धरत नाहीत. समजा ते १००० मीटर आलं. नियम असा की जेटने पट्टीच्या ६० टक्क्यांतच थांबता आलं पाहिजे, म्हणजे पट्टी किमान १६६७ मीटर हवी. पोहोचायच्या वेळी पट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे १९१७ मीटर. एवढी पट्टी नसेल तर तेवढ्या वजनाने निघायचंच नाही. पंख्याच्या विमानांना युरोपच्या नियमात ६० ऐवजी ७० टक्के आहे.

दुसरा हिशोब उतरण्याआधीचा, हवेत. आता खरा वारा किती, पट्टीची खरी अवस्था काय, वजन किती, फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या झडपा किती उघडणार, ऑटोब्रेक म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक किती जोराचा, हे सगळं टॅबलेटवर टाकायचं. जो आकडा येईल त्यावर किमान १५ टक्के धरायचे आणि तो पट्टीत बसला तरच उतरायचं.

हा दुसरा हिशोब इतका ठाशीव झाला तो एका अपघातानंतर. ८ डिसेंबर २००५ ला अमेरिकेत शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फात साउथवेस्टचं सातशे सदतीस पट्टी संपून कुंपण तोडून रस्त्यावर गेलं आणि एका कारमधला सहा वर्षांचा मुलगा गेला. त्यांच्या हिशोबाने विमान पट्टीत थांबायला हवं होतं, पण त्या हिशोबात उलटा जोर धरलेला होता आणि प्रत्यक्षात तो टेकल्यानंतर १८ सेकंदांनी लागला. त्यानंतर १५ टक्के जास्तीची जागा ठेवा असं तिथल्या एफएए या विमान नियामक संस्थेने सांगितलं, आणि पट्टीची अवस्था आकड्यात सांगायची पद्धतही त्याच वाटेने आली.

विदर्भकन्या_पुणे
म्हणजे ओल्यात जवळपास दुप्पट जागा. मग तरी विमानं पट्टीबाहेर जातात कशी? मुंबईत तर पावसाळ्यात ऐकतोच आपण.

बेलोरा_फॅन
हो, १ जुलै २०१९ ला जयपूरहून आलेलं सातशे सदतीस मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या पुढं निघून गेलं, ती पट्टी कितीतरी दिवस बंद होती. सप्टेंबर २०१७ मध्ये वाराणसीहून आलेलं एक बाहेर गेलं होतं. आणि २१ जुलै २०२५ ला कोचीहून आलेलं एअरबस ए-३२० जेट जोरदार पावसात टेकताना पट्टीवरून बाजूला गेलं. तिन्ही वेळा माणसं वाचली.

सहवैमानिक
ताई, दुप्पट जागा ही शिल्लक पडून असलेली जागा नाही. १००० चे १९१७ झाले त्यातला मोठा भाग ओल्या पट्टीवर ब्रेक कमी लागतो त्यातच जातो. चाचणी पायलट ठरवून ठराविक जागी टेकवतो, आम्ही रोजच्या उड्डाणात थोडं पुढं टेकवतो, त्यात काही जातं. मग जे उरतं ते खरं मार्जिन. आणि ते खायला चार-पाच गोष्टी एकदम टपलेल्या असतात: थोडा जास्त वेग, थोडी जास्त उंची, मागचा वारा, उशिरा लागलेला उलटा जोर, सांगितल्यापेक्षा जास्त पाणी. एकेकटी कुठलीच गोष्ट विमान बाहेर नेत नाही, सगळ्या मिळून नेतात. त्यात एफएएने नंतर आणखी इशारा दिला की मध्यम किंवा जोरदार पाऊस चालू असताना ओल्या पट्टीवरचे ब्रेक हिशोबात धरतात त्यापेक्षाही कमी लागल्याचं काही अपघातांत दिसलंय, म्हणून अशा वेळी त्याहून वाईट अवस्था धरून हिशोब करा.

केरळातल्या कोझिकोडच्या अपघाताचं उदाहरण सांगावं की नाही याचा विचार करतोय, कारण ते आपल्या नागपूरशी जोडलेलं आहे.

काळीमाती
सांगा. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे. त्यांचे आईवडील नागपूरचे. ते गेले त्या दिवशी आमच्या घरी कोणी जेवलं नाही, ओळख नसतानाही. कोरोनात दुबईहून लोकांना घरी आणत होते ते. हवाई दलातला माणूस. इथं त्यांच्यावर कोणी बोट ठेवलेलं मला चालणार नाही हे आधीच सांगून ठेवते.

सहवैमानिक
काळीमातीताई, माझ्याही मनात त्यांच्याबद्दल आदरच आहे. मी अहवालात जे आहे तेवढंच सांगतो, कारण त्यातून शिकलो नाही तर ते आणि बाकीचे २० जण गेले त्याचा उपयोग काय.

७ ऑगस्ट २०२०, रात्र, जोरदार पाऊस. टेबलटॉप पट्टी, म्हणजे उंचावर सपाट केलेली, टोकाला दरी, लांबी साधारण २७०० मीटर. पहिल्या खेपेला पट्टी दिसली नाही, ते वर गेले, बरोबर केलं. त्यांच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्या खेपेला उलट बाजूने, मागच्या वाऱ्यात आले. विमान टेकलं ते पट्टीच्या तोंडापासून ४४३८ फुटांवर, म्हणजे साधारण १३५० मीटर, बरोबर निम्मी पट्टी मागं राहिली होती. बाजूच्या सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं. अहवालाने तेच मुख्य कारण मानलं, की अस्थिर उतरणं चालू ठेवलं आणि टेकायच्या जागेच्या पुढं टेकवलं. विमान पट्टी संपून दरीत गेलं.

आता वरचा हिशोब यात घाला. २७०० मीटर पट्टी धरून केलेलं सगळं मार्जिन १३५० मीटरवर टेकल्याबरोबर संपलं. मागचा वारा, पाणी हे त्याच्यावर. मी जेव्हा जेव्हा उजव्या सीटवर बसून पावसात उतरतो तेव्हा त्या उजव्या सीटवरच्या मुलाचा विचार येतो. तो म्हणाला होता.

काळीमाती
वाचलं. दोनदा वाचलं. वायपर आणि पाऊस आणि रात्र, आणि मागं घरी पोचायचं असलेली १८४ माणसं, यात तो एक क्षण कसा असेल हे आपण खुर्चीत बसून नाही सांगू शकत. पण तुम्ही नीट सांगितलंत. धन्यवाद.

अचलपूरचे_मास्तर
कर्नाटकातल्या मंगळूरचा विमान अपघातही यात घालावा लागेल. २२ मे २०१०, १५८ माणसं गेली. तिथं तर पट्टी कोरडी होती. विमान साधारण ५२०० फुटांवर टेकलं, पट्टी होती जेमतेम आठ हजार फुटांची. तिथंही बाजूच्या पायलटने आधीच वर जाऊ म्हटलं होतं. म्हणून पाणी हा एकटा गुन्हेगार नाही, पाणी फक्त माफी बंद करतं. कोरड्यात चूक थोडीफार पचते, ओल्यात पचत नाही, आणि कोरड्यातही किती पचेल याला सीमा आहे.

कापूसकोंड्या
हे सगळं वाचून गप्प झालो. एक खरा प्रश्न, खोचक नाही. परत वर जायचं, दुसरीकडं जायचं, त्याला इंधन लागते. कंपनी कमी भरून पाठवत असेल तर पायलटवर दडपण येणार नाही का?

सहवैमानिक
चांगला प्रश्न. पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन आणि त्यावर आणखी अर्धा तास थांबण्याचं इंधन नियमानेच लागतं. पावसाळ्यात कॅप्टन त्यावर आणखी मागून घेतो आणि मागितलं तर मिळतं. नागपूरला जमलं नाही तर रायपूर, हैदराबाद अशी ठिकाणं आधीच ठरलेली असतात. दडपण येतं ते बहुतेक वेळा इंधनाचं नसतं, आतून येतं. मागं लोक कंटाळलेले, ड्युटीचे तास संपत आलेले, 'एकदा बघू' असं वाटणं. म्हणून आम्ही वर असतानाच ठरवून ठेवतो: पट्टीचा कोड ५ असेल तर उतरू, ३ ला हिशोब पुन्हा, २ सांगितलं तर सरळ दुसरीकडं. खाली पावसात ठरवायला बसायचं नाही.

विदर्भकन्या_पुणे
कोड म्हणजे?

रनवेवाला
हे माझं खातं, मी सांगतो. २२ वर्षं धावपट्टीच्या देखभालीत होतो, सिव्हिलचा माणूस, आता वर्धा जिल्ह्यात शेती करतो.

पट्टीचे तीन भाग करतात आणि प्रत्येक भागाला शून्य ते सहा असा आकडा देतात. ६ म्हणजे कोरडी. ५ म्हणजे ओली, पण पाणी ३ मिलिमीटरपर्यंतच. ३ मिलिमीटरच्या वर साचलं की एकदम २. मधला ३ हा 'ओली आणि घसरडी' यासाठी, म्हणजे पाणी कमी पण पट्टीचं घर्षण उतरलेलं. ४, १, ० हे बर्फवाल्यांचे आकडे, आपल्याला विदर्भात त्यांचं काम पडत नाही. तर पायलटला सांगतात ५, ५, २ असं. म्हणजे पहिले दोन भाग ठीक, शेवटच्या भागात पाणी. आणि शेवटचा भाग म्हणजे जिथं ब्रेकची खरी गरज तो. ही पद्धत जगभर नोव्हेंबर २०२१ पासून एकसारखी झाली. आधी 'ओली', 'फार ओली', 'पाण्याची डबकी' असे शब्द चालायचे आणि ज्याची त्याची 'फार' वेगळी.

पाच आणि दोन यांच्यात फरक किती, तर ३ मिलिमीटर. शाळेच्या पट्टीवरच्या तीन बारीक रेघा. त्या तीन रेघांसाठी आम्ही आयुष्य घातलं. पट्टी मधे उंच आणि दोन्ही बाजूंना थोडी उतरती ठेवायची, शंभर मीटरला साधारण दीड मीटर या हिशोबाने, म्हणजे पाणी बाजूला पळतं. त्यात कुठं जड विमानाने खोलगट पाडलं तर तिथं डबकं. मग आडव्या खाचा पाडतात, साधारण ६ मिलिमीटर रुंद, ६ खोल, दोन खाचांत ३८ मिलिमीटर अंतर. चाकाखालचं पाणी त्या खाचेतून निसटतं. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या कॉंगोन्यास विमानतळावर १७ जुलै २००७ ला १९९ लोक गेले, त्या पट्टीवर नव्याने डांबर टाकलं होतं आणि खाचा अजून पाडायच्या होत्या. तिथं इंजिनाच्या लिव्हरचीही गडबड होती, सगळा दोष पट्टीचा नव्हता, पण आम्हाला ते नाव विसरता येत नाही.

आणि रबर. लालपरीवाल्या काकांनी मृगाच्या पहिल्या पावसाचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. प्रत्येक विमान टेकताना चाक शून्यातून एकदम फिरतं, रबर घासून पट्टीला चिकटतं. काळा गुळगुळीत पट्टा तयार होतो, तुम्ही खिडकीतून बघितला असेल. खाचा बुजतात. त्यावर पाणी पडलं की ओला साबण. म्हणून पावसाळ्याआधी जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने ते रबर काढतात आणि घर्षण मोजायच्या गाडीने पट्टी तपासतात. रात्री विमानं थांबली की आमचं काम सुरू. मे महिन्याच्या रात्री नागपूरकडची पट्टी पहाटेपर्यंत तापलेली असते, बूट चिकटायचे.

काळीमाती
रनवेवाले भाऊ, हे तर आपलं बीबीएफ झालं! रुंद वरंबा सरी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगितलं, सोयाबीन वरंब्यावर पेरा, पाणी सरीतून निघून जाईल, मूळ सडणार नाही. आमच्याकडं गेल्या वर्षी ज्याने सपाट पेरलं त्याचं पिवळं पडलं.

रनवेवाला
ताई अगदी तेच. मी स्वतः चार एकर बीबीएफवर पेरलंय आणि सरी काढताना दरवर्षी धावपट्टी आठवते. फरक एकच, शेतात पाणी जरा मुरलेलं चालतं.

लालपरी_चालक
आमच्या दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात मुरत बी नाही अन् निघत बी नाही. तिथं विमानतळ नका बांधू.

शिलाताई_आमगाव
मी पहिल्यांदा लिहितेय. माझी मुलगी गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर विमान चालवायला शिकतेय. धाग्याची लिंक तिनेच पाठवली, म्हणाली आई हे वाच म्हणजे तुला समजेल मी पावसात फोनवर का म्हणते की आज उडणार नाही. तिच्या सरांनी पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, पट्टीच्या पहिल्या भागात एक खूण मनात धर, त्या खुणेपर्यंत चाक टेकलं नाही तर वर जा, विचार करू नको. ती तेव्हा दिवसातून सहा-सहा वेळा वर जायची आणि रात्री मला रडत सांगायची की मला जमत नाही. आता म्हणते, आई, वर जाणं जमलं म्हणजेच जमलं. सहवैमानिक दादा, तिला तुमचं वाचून धीर आला.

सहवैमानिक
ताई, तिला सांगा की तिचे सर योग्य माणूस आहेत. आणि सहा वेळा वर जाणाऱ्या पोरीच्या मागच्या सीटवर मी माझ्या आईला बिनधास्त बसवीन.

बेलोरा_फॅन
मूळ प्रश्न राहूनच गेला, बेलोऱ्याचा. मास्तर, १८५० मीटरचं गणित करा ना.

अचलपूरचे_मास्तर
एटीआरचा खरा आकडा वजन, तापमान, वारा याप्रमाणे बदलतो, म्हणून फक्त हिशोब दाखवायला ९०० मीटर धरतो. युरोपची ७० टक्क्यांची पद्धत धरली तर ९०० चे १२८६, ओल्यासाठी १५ टक्के जास्त म्हणजे १४७९. जेटसारखी कडक ६० टक्क्यांची धरली तर १५००, आणि ओल्यात १७२५. दोन्ही १८५० च्या आत. कडक हिशोबातही वरचे १२५ मीटर उरतात, आणि १७२५ च्या पोटात आधीच बरीच जागा धरलेली आहे.

पण हेही बघा. एटीआर ११० नॉटच्या आसपास येतं, सेकंदाला ५७ मीटर. तीन सेकंद तरंगलं की १७१ मीटर गेले. नागपूरला ३२०० मध्ये ते फारसं जाणवणार नाही, बेलोऱ्याला जाणवेल. लहान पट्टी धोक्याची नसते, लहान पट्टी शिस्त मागते. म्हणून बेलोऱ्याला भर पावसात विमान वर गेलं, मुंबईला परतलं किंवा नागपूरला नेलं तर ते गणित बरोबर सुटल्याची खूण समजा.

रनवेवाला
मास्तरांशी सहमत, फक्त एक जोड. टायरमध्ये हवा कमी म्हणजे पाण्यावर तरंगायचा वेगही कमी, हे तुमच्याच सूत्रातून येतं. एटीआरचे टायर जेटपेक्षा कमी दाबाचे. म्हणून 'पंख्याचं विमान, काही होत नाही' असं समजू नका. त्याच्या बाजूने काय, तर वेग मुळातच कमी आणि पंखे उलटे जोर लावतात ते लगेच लागतं.

संत्रापट्टी
मंडळी, चार दिवस झाले, बागेत फवारणी चालू होती म्हणून लिवलं नाही, पण सगळं वाचलं. काल रात्री बाबाले वाचून दाखवलं. बाबाचे डोळे अजून कच्चे हायत म्हणून मीच वाचत गेलो, कोझिकोडच्या जागी मले थांबा लागलं.

तक्रार मागं घेतली. कंपनीले मेल लिवला का माझी तक्रार चुकीची होती, त्या दिवशी वर जाणाऱ्या अन् ठामपणे टेकवणाऱ्या दोघाही पायलटले माझा अन् माझ्या बापाचा नमस्कार सांगा. पोचते का नाही माहीत नाही, पण लिवला.

बाबा आमच्या गावात पंधरा वर्षं पर्जन्यमापकाचं पाणी मोजाचे, त्याइले मिलिमीटर कोणी शिकवा लागत नाही. तं सकाळी उठून आईची परात अंगणात ठेवली, नातवाची पट्टी उभी धरली अन् मोजून ३ मिलिमीटर पाणी ओतलं. मंग त्यात बोट फिरवून पाहत बसले. म्हणे एवढंच? म्या म्हणलं एवढंच. मंग म्हणे त्या रनवेवाल्याले विचार, पाऊस चालू असताना हे मोजते कोण? आमी तं सकाळी साडेआठले एकदा मोजाचो.

रनवेवाला
बाबांना माझा नमस्कार. विमानतळाची गाडी दोन विमानांच्या मधल्या वेळात पट्टीवर जाते, माणूस तिन्ही भाग बघतो, मोजतो, आणि आकडे टॉवरला कळवतो, टॉवर पायलटला सांगतो. अवस्था बदलली की पुन्हा. आणि जे विमान आत्ता उतरलं त्याचा पायलट सांगतो ब्रेक कसा लागला, चांगला, मध्यम की कमी. त्याने 'कमी' म्हटलं की आमची गाडी लगेच पुन्हा निघायची, पावसात, हॅझर्ड लाईट लावून.

संत्रापट्टी
सांगितलं. बाबा म्हणे, मंग बेलोऱ्याहून जाऊ. पुढच्या बुधवारी.